पार्किंगखालचं पर्यावरण

मे महिन्यात मुलांनी वळलेल्या सीडबॉलचं जुलैत काय झालं, हे सांगणारा फोटो शिबिराच्या ग्रुपवर सहसा येत नाही. वळतानाचे फोटो मात्र ढिगानं येतात. मातीनं माखलेले हात, गळ्यात अडकवलेली पाण्याची बाटली, मागे फ्लेक्स. मार्च संपत आला की पिंपरी-चिंचवडच्या वाकडमध्ये दत्त मंदिर रोडपासून कस्पटे वस्तीपर्यंत सोसायट्यांच्या नोटीस बोर्डांवर शिबिरांच्या जाहिराती लागू लागतात. स्केटिंग, रोबोटिक्स, वैदिक गणित, आणि अलीकडे 'नेचर', 'इको' किंवा 'ग्रीन' असं काहीतरी नावात असलेलं एखादं. आई-बाबा दोघंही हिंजवडीला कामावर, शाळा बंद, आजी-आजोबा गावाकडे. त्यामुळे शिबिर ही हौस कमी आणि सोय जास्त. त्यात गैर काही नाही. पण या आठवडा-पंधरवड्यात मुलांच्या हाताला पर्यावरणाचं म्हणून नेमकं कोणतं काम दिलं जातं आणि त्यातलं पुढे काय टिकतं, हे एकदा तपासून बघायला हवं. माझं मत आधीच सांगून टाकतो. वाकडच्या मुलांना पर्यावरण दाखवायला बस ठरवून मुळशीला न्यायची गरज फार थोडी आहे. ते बरंचसं त्यांच्याच इमारतीच्या पार्किंगखाली आहे: पाण्याच्या टाकीत, पंपाच्या खोलीत, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमध्ये म्हणजे एसटीपीत आणि कचऱ्याच्या ड्रमांपाशी. तिथे त्यांना कोणी नेत नाही.

हातानं करत शिकण्याची परंपरा अस्सल आपलीच, असं म्हणायचा मोह होतो. तो अर्धाच खरा आहे. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस एडिंबरोच्या आउटलुक टॉवरवर लोकांना नेऊन आधी स्वतःचंच शहर आणि त्याच्या आसपासचा मुलूख बघायला लावत. हृदय, हात आणि डोकं तिन्ही एकदम कामाला लागली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. हे गृहस्थ १९१४ मध्ये भारतात आले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात शिकवत होते. हातकामातून शिक्षण देऊ पाहणाऱ्या गांधीजींच्या नई तालीमची वर्ध्याची परिषद झाली त्यानंतर, १९३७ साली. पण या सगळ्यांपेक्षा शिबिरवाल्यांनी आठवावं असं उदाहरण ठाणे जिल्ह्याच्या (आताच्या पालघरच्या) किनाऱ्यावरचं आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि अनुताई वाघ तिथे रुजू झाल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर या बायकांनी शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. साधनं म्हणजे पानं, बिया, खडे, शिंपले. मूल जिथे दिवस घालवतं तिथेच शिक्षण न्यायचं, एवढा साधा विचार. वाकडचं मूल दिवस कुठे घालवतं? लिफ्ट, लॉबी, पार्किंग, क्लब हाऊस. मग शाळा तिथेच उतरायला हवी.

आपल्या औद्योगिक पट्ट्याचीही या बाबतीत बऱ्यापैकी पुण्याई आहे. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये चाकणच्या पूर्वेला पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुलं तिथे वेल्डिंग, शेती, बांधकाम, वीजजोडणी करत करत विज्ञान शिकू लागली. आणि अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरहून निघून ते पुण्यात टेल्कोत लागले, म्हणजे पिंपरीच्या ट्रक कारखान्याच्या जगात. १९७८ मध्ये त्यांनी रजा काढली आणि होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात जाऊन बसले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घन उभे करायचे, ही त्यांची युक्ती त्याच दिवसांतली. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन मात्र लगेच कलतो. पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे मुलाला कोणी न सांगता कळतं. पुढे आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं हेच केलं. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी टाकाऊ वस्तूंची असत खरी, पण ती मोडून परत जोडण्यासाठी असत, शोकेसमध्ये ठेवायला नव्हे.

हे सांगायचं कारण 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट'. शिबिरांच्या वेळापत्रकातली ही तासिका जवळजवळ सक्तीची झाली आहे. बिसलेरीच्या बाटलीचं पेनस्टँड, थर्माकोलचा बंगला, सीडीचं घड्याळ, आणि वरून चमकी. ही चमकी म्हणजे प्लॅस्टिकचाच चुरा. जी बाटली भंगारवाल्याकडे गेली असती तर पुन्हा वापरात आली असती, तिला फेव्हिकॉल आणि चमकी फासून आपण ती कायमची बाद करतो. मग ती पंधरा दिवस टीव्हीशेजारी राहते आणि दिवाळीच्या साफसफाईत मिसळ कचऱ्यात जाते. याहून पुण्यात सुरू झालेला सागरमित्रचा शाळांमधला उपक्रम कितीतरी साधा आणि सरळ. मुलांनी घरचं प्लॅस्टिक धुऊन, सुकवून साठवायचं आणि महिन्यातून एकदा एकत्र आणून पुनर्वापरासाठी द्यायचं. दिसायला यात काही नाही. फोटोला तर मुळीच नाही. पण महिन्याभराचं आपल्या घरचं प्लॅस्टिक एका पोत्यात एकदम बघितलं की मुलाचा चेहरा बघण्यासारखा होतो, आणि आईचाही.

सीडबॉलवर जरा थांबतो, कारण शिबिरांचं ते आवडतं दैवत आहे. मातीच्या गोळ्यात बी भरण्याची पद्धत जपानच्या मासानोबू फुकुओकांनी जगभर पोहोचवली, ती त्यांच्या शेतासाठी आणि उजाड रानासाठी. आपल्याकडे तिचं काय झालं? मे महिन्यात शिबिर, म्हणून बिया हव्यात मे महिन्यात. पोत्यात असतात गेल्या वर्षीच्या निंबोळ्या. निंबोळी पिकते पावसाच्या तोंडावर आणि तिच्यातला जीव काही आठवड्यांतच कमी होत जातो. वर्षभर पडून राहिलेल्या निंबोळ्यांचे गोळे म्हणजे बहुतांश मातीचेच गोळे. बहाव्याचं बी जिवंत असतं, पण त्याचं कवच इतकं टणक की घासून किंवा गरम पाण्यात भिजवून घेतल्याशिवाय ते उगवायला फार काळ घेतं. चिंच आणि करंज त्या मानाने बरे.

यावर उपाय म्हणजे सीडबॉल बंद करणं नव्हे. त्याच्या आधी एक पायरी घालायची. प्रत्येक गटाला एकेका झाडाच्या दहा बिया द्या, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायला सांगा, मोड आणायला मटकी ठेवतो तशा. आठ-दहा दिवसांत किती उगवल्या ते मोजा. बहाव्याच्या पाच बिया पॉलिश पेपरवर घासून आणि पाच तशाच ठेवून बघा. दहातल्या दोनच उगवल्या तर मुलांना ते लागतं. ती विचारतात, मग गोळे कशाला केले? या एका प्रश्नासाठी शिबिराची फी वसूल झाली असं मी समजेन. शिवाय प्रयोगाचा हा निकाल शिबिर संपण्याआधी हातात येतो. जुलैची वाट बघावी लागत नाही.

सीडबॉलची दुसरी अडचण ते फेकण्याच्या जागेची. टेकडी दिसली बोडकी की झाडं लावा, ही आपली जुनी सवय. पुण्याच्या टेकड्यांवर याच उत्साहात ग्लिरिसिडिया लागला आणि त्याच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही, हे तिथे चालायला जाणाऱ्या कोणालाही माहीत आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन संशोधकांनी २०२५ मध्ये एक सुंदर काम प्रसिद्ध केलं. जुनं मराठी साहित्य आणि लोकपरंपरेतल्या कथा चाळून त्यांत येणाऱ्या रानवनस्पती त्यांनी नोंदवल्या. निघालं असं की पश्चिम महाराष्ट्राचा हा कमी पावसाचा भाग निदान ७५० वर्षं तरी विरळ झाडांचा गवताळ प्रदेश म्हणूनच ओळखीचा आहे. उल्लेख येतात ते बाभूळ, खैर, तरवड, तरटी अशा उघड्या माळावरच्या झाडाझुडपांचे. पंढरपूरला कान्होपात्रेशी जोडलेलं झाड तरटीचंच आहे. म्हणजे बोडका माळ हा दर वेळी उजाड झालेलं जंगल नसतो. तो माळच असतो, टिटवी आणि चंडोलाचं घर असतो. तिथे गोळ्यांचा मारा करण्याआधी मुलांना मीटरभर चौकोन दोरीनं आखायला लावा आणि त्यात किती प्रकारचं वाळलेलं गवत, किती प्रकारच्या मुंग्या, किती बिळं आहेत ते मोजायला लावा. मे महिन्यात एवढंच शक्य असतं आणि एवढं पुरतं.

पाखरांना पाणी ठेवायचे मातीचे वाडगे रंगवणं हा त्यातल्या त्यात निरुपद्रवी उपक्रम. फक्त वाडगा रोज घासून पाणी बदलावं लागतं, नाहीतर डास आणि रोग दोन्ही पाळले जातात, हे सांगायचं राहून जातं. दाणे घालायला मात्र माझा विरोध आहे. टॉवरच्या शाफ्टमध्ये दाण्यांवर पोसली जातात ती कबुतरं. बुलबुल, दयाळ, शिंजीर यांना त्या दाण्यांचा उपयोग नाही. २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखान्यांवरून केवढं रण माजलं ते सगळ्यांनी पाहिलंच. ट्रेक, तंबू, कॅम्प फायर यांबद्दल इथे लिहीत नाही. ते छानच असतं, पण ते वेगळं खातं आहे.

कागदोपत्री म्हणाल तर पर्यावरण शिक्षणाची आपल्याकडे चंगळ आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये हा विषय शिकवलाच पाहिजे असं सांगितलं. बालभारतीचा परिसर अभ्यास आहे, नववी-दहावीला जलसुरक्षा आहे, राष्ट्रीय हरित सेना आहे, २०२० पासून माझी वसुंधरा अभियान आहे, त्याच वर्षीच्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं शाळांना इको क्लबमार्फत जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आठवडाभराची शिबिरं घ्यायला सुचवलं. पाणी, वीज, कचरा, ई-कचरा, एकदाच वापरायचं प्लॅस्टिक, आहार आणि आरोग्यदायी राहणी असे मिशन लाइफचे सात विषय. कल्पना चांगलीच, पण महाराष्ट्रातल्या राज्य मंडळाच्या शाळा उघडतात जूनच्या मध्याला. बंद शाळेत शिबिर घेणार कोण, हे परिपत्रकात नसतं. पुण्यात डॉ. इराक भरुचा यांनी उभी केलेली भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्था १९९३ पासून आहे, अहमदाबादच्या पर्यावरण शिक्षण केंद्राची पुण्यात शाखा आहे, चिंचवडला महापालिकेचं सायन्स पार्क आहे. जाणती माणसं या शहरात आहेत. सोसायटीच्या शिबिरापर्यंत ती क्वचित पोहोचतात, एवढंच.

या सगळ्या हातकामाचा उपयोग होतो का, यावर जगात पुष्कळ अभ्यास झाला आहे. ब्रिटनमध्ये २००४ साली मार्क रिकिन्सन आणि सहकाऱ्यांनी वर्गाबाहेरच्या शिक्षणावरची आधीच्या दहा वर्षांतली १५० संशोधनं एकत्र तपासली. निष्कर्ष फार चमकदार नाही, पण कामाचा आहे: आधी तयारी आणि नंतर पाठपुरावा असेल तर फायदा होतो, आणि लांब चाललेला कार्यक्रम तुटक दिवसापेक्षा जास्त उतरतो. नुसती माहिती वाढली म्हणून वागणूक बदलत नाही, हे तर आता मान्य झालेलं आहे. याउलट सेशेल्स बेटांवर पाणथळ जागांविषयी मुलांना हाताशी धरून शिकवलं तेव्हा त्यांच्या आई-वडिलांची माहिती वाढली आणि घरातला पाण्याचा वापरही बदलला, असं २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या २०१९ च्या अभ्यासात मुलांमुळे पालकांची हवामानबदलाची काळजी वाढली, आणि ती मुलींमुळे जास्त वाढली. आपल्याकडे घरात लेकीचं ऐकलं जातं की नाही, यावर वाद होऊ शकेल. पण मूल एखादा आकडा स्वतः मोजून घरी घेऊन आलं की बाबांना तो खोडता येत नाही, हे खरं.

म्हणून पार्किंगखाली जायचं.

वाकडचं पाणी येतं पवना धरणातून. धरणातून नदीत सोडलेलं पाणी रावेतच्या बंधाऱ्याशी उचलतात, निगडीच्या सेक्टर २३ मध्ये शुद्ध करतात आणि मग ते इकडे येतं. नोव्हेंबर २०१९ पासून शहराला एक दिवसाआड पाणी आहे. उरलेली गरज बोअर आणि टँकरवर. ही गोष्ट वाकडमधल्या प्रत्येक मेंटेनन्स बिलात असते, मुलांच्या अभ्यासात कुठेच नसते. शिबिरातल्या मुलांना एक बादली, मोजपात्र आणि मोबाइलचं स्टॉपवॉच द्या. स्वयंपाकघरातला नळ मिनिटाला किती लिटर सोडतो? शॉवर किती? आरओचं वाया जाणारं पाणी एका बाटलीत आणि गाळलेलं दुसऱ्या बाटलीत धरा, कुठली आधी भरते? गळका नळ दिवसाला किती पाणी घालवतो याचे इंटरनेटवर वाटेल ते आकडे फिरतात. मुलांना मोजू द्या. सेकंदाला एक थेंब आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला सव्वाचार लिटरच्या आसपास भरतं. एखाद्या नळाचा थेंब टपोरा असतो, मग हिशेब बदलतो. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. आपल्या घराचं किती, ते काढल्यावर जेवणाच्या टेबलावर जे संभाषण होतं ते कुठल्याही पोस्टर स्पर्धेतून होत नाही.

बोअरच्या आणि नळाच्या पाण्याची तुलना तर याहून मजेची. दोन सारख्या बाटल्या, दोन्हींत तेवढाच साबणाचा चुरा, दोन्ही तेवढ्याच वेळा हलवायच्या. नळाच्या पाण्याला फेस भरपूर, बोअरच्या पाण्याला कमी आणि वर पांढुरकी साय. आपण बसलोय तो सगळा बेसॉल्ट, त्याच्या भेगांतून फिरून आलेलं पाणी क्षार घेऊन येतं. गिझरचं कॉइल का जळतं आणि आजीचे केस धुताना का चिकटतात, याचं उत्तर एका बाटलीत.

एसटीपी दाखवायचं म्हटलं की पालक नाक मुरडतात. मुलं मुरडत नाहीत, निदान पहिल्या दोन मिनिटांनंतर नाही. प्लांट चालवणारे काका हे शिबिराला मिळालेले सर्वांत चांगले शिक्षक असू शकतात, फक्त त्यांना तसं कोणी विचारलेलं नसतं. हवा सोडण्याच्या टाकीतलं तपकिरी पाणी लिटरभराच्या काचेच्या नळकांड्यात काकांनी काढायचं, ते हलवायचं नाही, आणि अर्धा तास मुलांनी बघत राहायचं. हळूहळू गाळ खाली बसत जातो, वर पाणी निवळतं. तीस मिनिटांनी गाळ कुठल्या रेघेपर्यंत आला ते वाचायचं. ही खेळातली चाचणी नाही. प्लांटची तब्येत बघायला ऑपरेटर रोज हेच करतात. गाळ म्हणजे घाण, ही समजूत इथे सुटते. तो जिवंत असतो, त्यातले जिवाणूच मैला खातात आणि त्यांना हवा लागते. वीजबिल वाचवायला ब्लोअर बंद ठेवला की ते गुदमरतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. चांगल्या टाकीला ओल्या मातीसारखा वास येतो. मुलं एकदा हे शिकली की जिना उतरताना वासावरून सांगतात, काका, आज बंद आहे का? सोसायटीच्या कमिटीला हे आवडेलच असं नाही.

कचऱ्याचंही तेच. दिवसाला शंभर किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असं २०१६ च्या नियमांनी सांगितलं होतं. शहराचा बाकीचा कचरा जातो मोशीला. तिथे ऑगस्ट २०२३ मध्ये कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पाचं उद्घाटन झालं. सोसायटीच्या कंपोस्टमध्ये हात घालायला लावणं हे शिबिराचं खरं काम. भाजीची देठं आणि उरलेला भात म्हणजे नायट्रोजन, वाळका पालापाचोळा म्हणजे कार्बन. कार्बन साधारण पंचवीस-तीस पट लागतो. सूत्र पाठ करायची गरज नाही. एका कुंडीत नुसता ओला कचरा टाका, दुसरीत त्याच्या दुप्पट कोरडा पाला घालून टाका आणि रोज सकाळी दोन्हींत थर्मामीटर खुपसा. तिसऱ्या दिवशी एक कुंडी चिकट होऊन आंबते, दुसरी तापते. मग वळवळणाऱ्या पांढऱ्या, नंतर तपकिरी होणाऱ्या जाड अळ्या दिसतात आणि एकच किंकाळी उठते. त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात, निरुपद्रवी असतात आणि आपल्यापेक्षा भरभर काम करतात. दहाव्या दिवशी त्यांना नावं ठेवणारी मुलं मी पाहिली आहेत. एकीचं नाव पिंकी होतं.

दोन छोटे प्रयोग ओघात सांगतो. दुपारी बारा वाजता पेव्हर ब्लॉकवर, पत्र्याच्या शेडखाली, लॉनवर आणि एखाद्या जुन्या करंजाखाली किंवा वडाखाली तापमान मोजायचं. कोविडात कपाळावर धरायची ती बंदूक इथे चालत नाही, तिची मोजपट्टी अंगाच्या तापापुरतीच असते. औद्योगिक थर्मामीटर आणावा, पिंपरीच्या बाजारात मिळतो. दुसरा धुळीचा. पांढऱ्या कार्डाला व्हॅसलीन लावून दुसऱ्या, आठव्या आणि पंधराव्या मजल्यावर टांगायचं, दोन दिवसांनी भिंगातून बघायचं. भूमकर चौकात 'सफर'चं हवा मोजणारं यंत्र बसवलेलं आहे. त्याचे आकडे आणि आपलं कार्ड शेजारी ठेवून बोलता येतं.

आणि नदी. वाकडला मुळा आहे, हे वाकडच्या मुलांना पुलावरच्या ट्रॅफिक जॅममुळे माहीत असतं. उन्हाळ्यात ती जलपर्णीनं हिरवीगार होते, संध्याकाळी डास येतात, मग महापालिका जलपर्णी काढते. मुलांना 'नदी वाचवा' म्हणायला लावण्यापूर्वी नदीत मे महिन्यात असतं तरी काय, ते सांगावं. याच मुळेवरचं मुळशीचं धरण टाटांनी विजेसाठी बांधलं. सेनापती बापटांचा १९२१ चा सत्याग्रह त्याच्याच विरोधातला. त्या धरणाचं पाणी सह्याद्री ओलांडून पश्चिमेला भिऱ्याला उतरतं. खाली आपल्याकडे उन्हाळ्यात वाहतं त्यात सांडपाण्याचा वाटा मोठा, आणि सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी माजते. म्हणजे एसटीपीच्या नळकांड्यात जे पाहिलं त्याचाच हा पुढचा भाग. मोठ्या माणसानं हातमोजे घालून दोन बादल्या भराव्यात, एक नळाच्या आणि एक नदीच्या पाण्याची, दोन्हींत जलपर्णीचं एकेक रोप. आठवड्यात फरक दिसतो. रोपं नंतर उन्हात वाळवून टाकायची, दुसऱ्या तळ्यात नाही. मुलांनी पाण्यात हात घालायचा नाही आणि गवतात शिरायचं नाही. नदीकाठी घोणस असते, आणि कातळावर बसून पक्षी बघण्यात काही कमीपणा नाही. पुण्यातली जीवितनदी संस्था मुठेकाठी विठ्ठलवाडीला आणि राम-मुळा संगमाशी लोकांना नदीवर नेते, डॉ. विश्वास येवले यांची जलदिंडी २००२ पासून आळंदीहून पंढरपूरला पाण्यातून जाते. नदीपर्यंत माणसं परत नेण्याचे हे प्रयत्न आधीपासून चालू आहेत. वाकड बायपास ते सांगवी पुलापर्यंतच्या नदीकाठ सुशोभीकरणावरून, पिंपळे निलखच्या झाडांवरून २०२५ मध्ये आंदोलनही झालं. दहा-बारा वर्षांच्या मुलांना या वादाच्या दोन्ही बाजू सांगता येतात. सांगायला हव्यात.

एक मुद्दा मात्र शिबिरांच्या माहितीपत्रकात कधीच नसतो. ज्या टॉवरमध्ये शिबिर चालतं त्याच्याच शेजारच्या साइटवर पत्र्याच्या खोल्यांत बांधकाम मजुरांची मुलं उन्हाळा काढतात. पाणी मोजून वापरणं, भंगार वेगळं करणं, सावली शोधणं त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. कचरावेचक बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये पुण्यात उभी राहिली. कुठलं प्लॅस्टिक विकलं जातं आणि कुठलं नाही, हे त्यातली कोणतीही मावशी हाताच्या स्पर्शानं सांगते. बिस्किटाचा पुडा, दुधाची पिशवी, शॅम्पूची बाटली असा ढीग समोर ठेवून एखाद्या मावशींना मानधन देऊन तासभर बोलवावं. फीमध्ये साइटवरच्या दोन-चार मुलांची मोफत सोय करण्याबद्दल मी नुसतं सुचवत नाही, आग्रह धरतो. ती मुलं आली की शिबिरातला 'कमी वापरा'चा उपदेश आपोआप बारीक आवाजात बोलला जातो.

उरतो पाठपुराव्याचा प्रश्न. सगळ्या संशोधनाचं बोट तिथे जातं आणि आपली शिबिरं तिथेच संपतात: मे महिन्यात गोळे, पाऊस जूनमध्ये, शाळा जूनच्या मध्याला, ताई-दादा कॉलेजला परत. पार्किंगखालच्या प्रयोगांचा फायदा असा की टाकी, एसटीपी आणि कंपोस्ट जूननंतरही तिथेच असतात आणि मूलही तिथेच राहतं. शिबिरात एक जाड वही उघडावी. टँकर किती आले, गाळ किती बसला, कंपोस्टचं तापमान किती, आवारातल्या झाडांचा छातीच्या उंचीवरचा घेर किती. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात दर पाच वर्षांनी झाडांची गणना सांगितलीच आहे, सोसायटीनं आपली आधीच करून ठेवायला हरकत काय? दर रविवारी दोन मुलांची पाळी. सप्टेंबरपर्यंत चार महिन्यांच्या नोंदी होतात.

सप्टेंबर अशासाठी की सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी निघते. त्याआधी मुलांच्या वतीनं एखाद्या पालक सभासदानं सेक्रेटरींना पत्र द्यावं: विषयपत्रिकेवर 'पाणी व सांडपाण्याच्या नोंदींचे वाचन' असा एक विषय घ्यावा, वाचन मुलं करतील, दहा मिनिटं लागतील. सभेला कोरमसाठी माणसं जमवताना सेक्रेटरींची नेहमीच दमछाक होते. मुलं वाचणार म्हटल्यावर त्यांचे आई-बाबा तरी येतील.